‘मला माहीत नव्हतं’: पन्नास कोटी अंडी आणि एक बचाव

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्या वकीलसाहेबांकडे बाहेरचं खाऊन आजारी पडलेला कुणी पक्षकार आला, की ते आधी तब्येतीची चौकशी करत नसत. पहिला प्रश्न असे, "पावती आहे का?" माणसाला राग येई. चार दिवस सलाइनवर काढून आलोय आणि हे गृहस्थ पावती मागतायत! दुसरा प्रश्न त्याहून अवघड असे, "शौचाची तपासणी केली होती का?" इथे बहुतेक जण गप्प होत. वकीलसाहेबांची फी बुडायची ती या दुसऱ्या प्रश्नावर.

आजचा विषय आहे दूषित अंड्यांमुळे होणारा आजार आणि आजारी पडलेल्याला कायद्यात सापडणाऱ्या वाटा. अंडं म्हणजे आपल्याकडे स्वस्त, पौष्टिक आणि बिनधोक पदार्थ अशी ख्याती. ती ख्याती देशभर पोचवण्यात पुण्याचा हात मोठा. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, १९८२ साली उभी राहिली ती व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने. प्रथिनांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते खरंच होतं. मी आज त्या कवचाच्या आत आणखी काय असू शकतं याबद्दल बोलणार आहे, आणि त्यासाठी तुम्हाला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात नेणार आहे. कारण सरळ आहे. कोंबडीच्या अंडाशयापासून सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोचलेलं असं सलग प्रकरण दुसरं मला माहीत नाही.

२०१० च्या मे महिन्यापासून अमेरिकेत साल्मोनेला एन्टेरिटिडिस या जिवाणूचे रुग्ण वाढू लागले. तिथे पल्सनेट नावाचं प्रयोगशाळांचं जाळं १९९६ पासून आहे. रुग्णाच्या शौचातून जिवाणू वाढवायचा, त्याच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे करून पट्ट्यांचा एक नमुना काढायचा आणि तो सगळ्या देशाला पाहता येईल असा नोंदवायचा, हे त्याचं काम. एका विशिष्ट नमुन्याच्या आठवड्याला साधारण ५० नोंदी येत. जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीला त्या २०० च्या आसपास गेल्या. वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता. कुणी लग्नाला गेलं होतं, कुणी हॉटेलात नाश्ता केला होता. आरोग्य खात्याच्या लोकांनी एकाहून जास्त माणसं आजारी पडलेली २९ हॉटेलं आणि समारंभ शोधून काढले. त्यांतल्या १५ ठिकाणी अंडी पुरवणाऱ्यांत एक नाव समान होतं: आयोवातल्या गॉल्ट गावची राइट काउंटी एग.

१३ ऑगस्टला कंपनीने अंडी परत मागवायला सुरुवात केली. आठवडाभरात शेजारची हिलंडेल फार्म्सही त्यात आली. दोघांची मिळून परत मागवलेली अंडी पन्नास कोटींच्या वर गेली. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला माणशी चारपेक्षा जास्त. अर्थात परत मागवली म्हणून ती परत येत नसतात. बरीचशी तोवर खाऊन झाली होती. शिवाय ही माघार कंपनीच्या मर्जीची होती, कारण अन्न परत मागवायची सक्ती करण्याचा अधिकार त्या वेळी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नव्हताच. तो मिळाला ४ जानेवारी २०११ रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्याने.

याहून बोचणारी एक तारीख आहे. अंड्यांतल्या साल्मोनेलासाठी एफडीएने खास नियम केला होता. पिल्लं कुठून आणायची, उंदीर आणि माश्या कशा रोखायच्या, खुराड्यांची तपासणी कधी करायची, अंडी घातल्यापासून ३६ तासांच्या आत ७ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात कशी न्यायची, हे सगळं त्यात होतं. या नियमामुळे वर्षाला ७९ हजार आजारपणं आणि ३० मृत्यू टळू शकतील असा खुद्द प्रशासनाचा अंदाज होता. मसुदा आला २००४ मध्ये, अंतिम नियम २००९ मध्ये, आणि पन्नास हजार किंवा त्याहून जास्त कोंबड्या असणाऱ्या फार्मना तो लागू झाला ९ जुलै २०१० ला. साथ मे महिन्यात सुरू झाली होती. सरकारी कागद जगभर एकाच चालीने चालतात असं आपण म्हणतो, ते फारसं खोटं नाही.

नियम लागू झाल्यावर आणि साथ फुटल्यावर तपासनीस फार्मवर गेले तेव्हा त्यांना पिंजऱ्यांखाली काही ठिकाणी आठ फुटांपर्यंत साचलेली विष्ठा दिसली. तिच्या दाबाने खालचे दरवाजे बाहेर ढकलले गेले होते. उंदीर होते, अळ्या होत्या, मोजता येणार नाहीत इतक्या माश्या होत्या. खुराड्यांतून, वावराच्या जागांतून आणि खाद्यातूनही तोच साल्मोनेला निघाला.

आता हा जिवाणू अंड्यात शिरतो कसा, हे कायद्याच्या माणसालाही कळायला हवं. जुनी समजूत अशी की घाण कवचावर असते, तडा गेला की आत जाते. म्हणून अंडी धुवायची, फुटकी बाजूला काढायची. एन्टेरिटिडिसने ही समजूत मोडली. १९८० च्या दशकात अमेरिकेत स्वच्छ, अखंड, पहिल्या प्रतीच्या अंड्यांमधून आजार पसरू लागला. हा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयात आणि अंडनलिकेत राहतो. कवच चढायच्या आधीच तो आत असतो. कोंबडी आजारी दिसत नाही, खाते-पिते, नेहमीसारखी अंडी घालते. अंड्याला वास येत नाही, बलकाचा रंग बदलत नाही. दर वीस हजार अंड्यांत एखादं असं असावं, असा तिथला जुना सरकारी अंदाज आहे. आकडा ऐकून सुस्कारा सोडू नका. मोठ्या भटारखान्यात एकाच पातेल्यात पाचशे अंडी फोडून ठेवली, तर त्या पातेल्यात असं एक अंडं असण्याची शक्यता चाळिसात एक होते. आणि पातेलं एकच असल्याने ते सगळ्यांच्या ताटात जातं.

१९८७ मध्ये न्यू यॉर्क शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात नेमकं हेच झालं. कच्च्या अंड्यांचं मेयोनेज घातलेलं सॅलड रुग्णांना दिलं गेलं. चारशेहून अधिक जण आजारी पडले, नऊ दगावले. त्या अंड्यांचा माग ज्या उद्योजकाच्या फार्मपर्यंत गेला त्याचं नाव जॅक डिकॉस्टर. न्यू यॉर्क राज्याने त्याच्या अंड्यांवर बंदी घातली. तेवीस वर्षांनी राइट काउंटी एगच्या मागे उभी असलेली क्वालिटी एग ही कंपनी याच जॅक डिकॉस्टरची होती, आणि कामकाज त्याचा मुलगा पीटर पाहत होता. मधल्या काळात, २००० साली, पर्यावरणाचे नियम पुन्हा पुन्हा मोडणारा म्हणून आयोवा राज्याने त्याची अधिकृत नोंदही केली होती.

एवढा पुरावा असताना आजारी पडलेल्यांना भरपाई सहज मिळाली असेल असं वाटेल. इथे वकीलसाहेबांचा दुसरा प्रश्न येतो.

साल्मोनेलाची लक्षणं खाल्ल्यापासून सहा तासांत दिसू शकतात किंवा सहा दिवसांनी. ताप, पोटात मुरडा, जुलाब. बहुतेक जण आठवड्याभरात उठून बसतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्या रक्तात जिवाणू गेला तर जीव जाऊ शकतो, आणि काहींचे सांधे पुढे महिनोन्‌महिने धरतात. माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत अंडं पोटात गेलेलं असतं, टरफल कचऱ्यात गेलेलं असतं आणि खोका रद्दीत. उरतो एकच साक्षीदार, तो म्हणजे रुग्णाच्या आतड्यातला जिवाणू. डॉक्टरने आधी प्रतिजैविक दिलं आणि मग नमुना घेतला, तर तोही साक्षीदार मारला जाण्याचा संभव असतो.

२०१० च्या साथीत अडचण आणखी एका पायरीने वाढली. त्या जिवाणूचा पट्ट्यांचा नमुना अमेरिकेत सगळ्यात सर्रास सापडणारा होता. साथ नसतानाही आठवड्याला पन्नास जणांत तो निघतच होता. त्यामुळे सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १ मे ते ३० नोव्हेंबरदरम्यान या साथीशी बहुधा निगडित असलेले सुमारे १,९३९ रुग्ण मोजले, ते नेहमीच्या अपेक्षेपेक्षा किती जास्त आले या हिशोबाने. जास्त कितीजण आजारी पडले हे ठामपणे सांगता येत होतं. त्यांत तू आहेस की नाहीस, हे फक्त त्या पट्ट्यांवरून एकेकट्याला सांगता येत नव्हतं. आरोग्य खात्याला हे पुरतं. न्यायालयाला पुरत नाही, कारण तिथे आकडा उभा राहत नाही, माणूस उभा राहतो. आज तिथे जिवाणूचा संपूर्ण जनुकक्रम वाचला जातो आणि ही फट बरीच बुजली आहे. तेव्हा ती बुजवायची होती कागदांनी. अमेरिकेत अंड्यांच्या खोक्यावर प्रक्रिया केंद्राचा क्रमांक आणि वर्षातला कितवा दिवस ते तीन आकड्यांत छापलेलं असतं. परत मागवलेल्या राइट काउंटीच्या पहिल्या मालावर १३६ ते २२५ हे दिवस होते, म्हणजे १६ मे ते १३ ऑगस्ट. कार्डाने भरलेलं बिल, हॉटेलच्या मालाची चलनं, खोक्यावरचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचा अहवाल हे चारही हातात असले की दावा उभा राहत होता. पावती मागणारे वकीलसाहेब तिकडे सुखी झाले असते.

दावा उभा राहिला की पुढची वाट मात्र अमेरिकेत बरीच रुंद आहे. ती तशी झाली कशी, त्याची सुरुवात स्कॉटलंडच्या पेस्ली गावात होते. १९२८ साली मे डोनोह्यू या बाईंनी मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली असं त्यांचं म्हणणं होतं. पैसे मैत्रिणीने दिले होते, तेही कॅफेवाल्याला. बाटली भरणाऱ्या कारखानदाराशी बाईंचा करार नव्हता. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की करार नसला तरी शेवटच्या ग्राहकाची काळजी घेणं हे कारखानदाराचं कर्तव्य आहे. गंमत म्हणजे गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. या निकालातली एक गोष्ट मला नेहमी अंड्याजवळ आणून सोडते. बाटली गडद, अपारदर्शक काचेची होती. बाईंना किंवा कॅफेवाल्याला आत डोकावायची सोयच नव्हती. अंड्याचं कवच ही तीच बाटली आहे.

तरीही डोनोह्यूच्या वाटेने गेलं तर कारखानदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. अमेरिकेने त्यापुढे पाऊल टाकलं. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लाकूडकामाच्या एका यंत्राच्या खटल्यात ठरवलं की माल सदोष होता आणि त्याने इजा झाली एवढं पुरे. कारखानदाराने किती काळजी घेतली होती, हा प्रश्नच नाही. ही कठोर जबाबदारी बहुतेक राज्यांनी उचलली आणि ती अन्नाला लागू होते. आजारी माणूस हॉटेलवर, वितरकावर, फार्मवर, सगळ्यांवर एकदम दावा लावू शकतो. कोणी किती भरायचं ते त्यांनी आपसात पाहावं.

बचाव अर्थातच असतात. सगळ्यात आवडता बचाव म्हणजे ‘नीट शिजवलं असतं तर काही झालं नसतं’. याला वंशावळ आहे. मांस आणि कोंबडीवर साल्मोनेलाचा इशारा छापावा म्हणून अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य संघटनेने केलेला दावा १९७४ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. घरोघरच्या गृहिणींना शिजवण्याची अक्कल असते, असा त्या निकालाचा सूर होता. ऐकायला हा गृहिणींचा सन्मान वाटतो. प्रत्यक्षात कारखान्यातली घाण स्वयंपाकघराच्या दारात ठेवण्याची ती सोय होती. अंड्यांच्या खोक्यांवर २००१ पासून ‘बलक घट्ट होईपर्यंत शिजवा’ अशी सूचना सक्तीची आहे, आणि बचावाचे वकील ती पुढे करतात. पण आजारी पडलेल्यांत हॉटेलात खाल्लेले अनेक होते. त्यांनी बलक किती घट्ट होता हे तपासायचं होतं की काय?

बहुतेक दावे निकालापर्यंत जात नाहीत, तडजोडीत मिटतात, आणि रकमा बाहेर येत नाहीत. तिथे वकील भरपाईच्या हिश्श्यावर काम करतो, हरला तर त्याला काही मिळत नाही. सिअ‍ॅटलचे बिल मार्लर यांनी १९९३ च्या जॅक इन द बॉक्स हॅम्बर्गर प्रकरणापासून अन्नातल्या विषबाधेचेच खटले चालवले आणि अंड्यांच्या प्रकरणातही अनेक आजारी त्यांच्या कार्यालयाकडे गेले. आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम हिश्श्यावर फी घ्यायला मनाई करतात. त्यामागची नीती मला मान्य आहे. पण तिचा परिणाम असा, की चार दिवसांच्या जुलाबाचा दावा लढायला कुणी वकील स्वतःच्या खिशातून तज्ज्ञ आणत नाही.

आता फौजदारी बाजू. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

२०१४ मध्ये क्वालिटी एग कंपनीने तीन गुन्हे कबूल केले. दूषित अंडी विकली. अंडी जुनी आहेत हे कळू नये म्हणून खोक्यांवर खोट्या तारखा छापल्या. आणि निकृष्ट ठरवून अडकवून ठेवलेली अंडी सोडावीत म्हणून सरकारी तपासनीसाला लाच देऊ केली. लाचेची रक्कम ३०० डॉलर, किरकोळ खर्चाच्या पेटीतून काढलेली. कंपनीला सुमारे ६८ लाख डॉलर दंड झाला. जॅक आणि पीटर या बापलेकांनी व्यक्तिशः एकच, किरकोळ वर्गातला गुन्हा कबूल केला: दूषित अन्न बाजारात जाऊ दिलं. १३ एप्रिल २०१५ रोजी न्यायाधीश मार्क बेनेट यांनी दोघांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड आणि तीन महिने कैद सुनावली.

बापलेक अपिलात गेले. त्यांचं म्हणणं होतं की आम्हाला माहीत नव्हतं. आणि हे नुसतं म्हणणं नव्हतं. कबुलीजबाबाच्या करारात सरकारनेच मान्य केलं होतं, की विकली गेलेली अंडी दूषित आहेत हे त्या वेळी कंपनीतल्या कुणाला ठाऊक होतं असा पुरावा नाही. ज्याला ठाऊकच नव्हतं त्याला तुरुंगात कसं टाकता?

याचं उत्तर अमेरिकन कायद्याने दोन टप्प्यांत तयार करून ठेवलं होतं. १९४३ मध्ये बफेलो शहरातल्या एका औषध कंपनीचा प्रमुख डॉटरवाइक याच्या खटल्यात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: कुणावर तरी अन्याय होणारच असेल, तर तो ज्याला माहिती करून घेण्याची निदान संधी होती त्याच्यावर व्हावा, ज्याच्या हातात काहीच नाही त्या सामान्य लोकांवर नको. मग १९७५ मध्ये अ‍ॅक्मे मार्केट्स या दुकानांच्या साखळीचा अध्यक्ष जॉन पार्क. कंपनीत ३६ हजार माणसं, कार्यालय फिलाडेल्फियात, उंदीर बाल्टिमोरच्या गोदामात. मी प्रत्येक गोदामात झाडू घेऊन कसा फिरू, हा त्याचा सवाल. न्यायालयाने सांगितलं, झाडू नको, पण उंदीर रोखायचा अधिकार तुझ्याकडे होता आणि ते झालं नाही, एवढं दोषी ठरायला पुरे. पार्कला एकूण दंड झाला २५० डॉलर.

पार्कचा दंड आणि डिकॉस्टरची कैद यांत फरक आहे, आणि तो मी झाकणार नाही. २०१६ मध्ये आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने शिक्षा कायम केली ती दोन विरुद्ध एक मतांनी. न्यायमूर्ती बीम यांचं विरोधी मत असं, की ज्याचं मन गुन्हेगार नव्हतं त्याला दंड करा, पण त्याचं स्वातंत्र्य हिरावू नका. फौजदारी कायद्याची जुनी शिस्त तीच सांगते, आणि उद्या हाच न्याय एखाद्या छोट्या पोल्ट्रीवाल्यावर उगारला गेला तर मीही बीम यांच्याच बाजूला उभा राहीन.

पण या बापलेकांना काय माहीत नव्हतं ते नीट पाहा. २००८ ते २०१० या काळात त्यांच्या फार्मवरच्या तपासण्यांत साल्मोनेलाचे चारशेहून अधिक होकारार्थी निष्कर्ष आले होते, हे अमेरिकी संसदेच्या समितीने उघड केलं. म्हणजे खुराड्यांत जिवाणू आहे हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की तो अंड्यात आहे का. कारण अंडी तपासून पाहिली तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर विकता आली नसती. हे अज्ञान आपोआप आलेलं नव्हतं. ते सांभाळून, जोपासून ठेवलेलं होतं. बहुमताने म्हटलं की त्यांना दुसऱ्याच्या पापाची शिक्षा होत नाहीये, आपल्याच हातातली गोष्ट न केल्याची होतेय. मला ते पटतं. २०१७ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला आणि शिक्षा पक्की झाली.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण आपला कायदा. अंडी आपण बहुधा पूर्ण शिजवून खातो, उकडून, करीत, बुर्जीत. हे आपलं मोठं संरक्षण आहे. पण हाफ फ्राय आहे, आणि आता मोमो आणि शोर्म्याबरोबर कच्च्या अंड्यांचं मेयोनेज गल्लोगल्ली पोचलं आहे. केरळने २०२३ मध्ये आणि तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली. तेलंगणाची बंदी हैदराबादेत मोमो खाऊन झालेल्या मृत्यूनंतर आली. न्यू यॉर्कच्या रुग्णालयातलं पातेलं सदतीस वर्षांनी हैदराबादला पोचलं म्हणा.

कागदावर आपला ग्राहक दुबळा नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ प्रमाणे असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर वारसांना किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाई, तीही घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मालाच्या दोषाबद्दलच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. डोनोह्यू बाईंची अडचण तो एका व्याख्येत संपवतो: विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि जिल्हा आयोगापुढे लहान रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही.

अडतं ते साखळीवर. आपल्या किराणा दुकानातलं अंडं तीसच्या ट्रेमधून सुटं येतं. त्यावर ना फार्मचा क्रमांक, ना तारीख. जुलाब झाले की डॉक्टर सलाइन लावतो, प्रतिजैविक देतो आणि रुग्ण वाचतो. त्याने वाचवावं हेच आपल्याला हवं असतं. नमुना राहून जातो. विषबाधेचे रुग्ण कळवण्याची सक्ती डॉक्टरांवर करण्याचा अधिकार अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. कलम ४० तर वाचण्यासारखं आहे. सामान्य खरेदीदाराला अन्न सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं, पण तसा विचार आहे हे त्याने खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगायला हवं. म्हणजे गाडीवर हाफ फ्राय मागवताना म्हणायचं, दादा, मी हे प्रयोगशाळेत पाठवणार आहे, जरा मीठ कमी टाका.

म्हणून ज्यांना पुढे भांडायचं आहे त्यांनी पहिल्या दोन दिवसांत करायच्या गोष्टी सांगून ठेवतो. प्रतिजैविक सुरू व्हायच्या आधी शौचाचा नमुना कल्चरसाठी द्यावा, आणि डॉक्टरांनी टाळाटाळ केली तर आग्रह धरावा. यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याची नोंद जपावी. पावतीचं काम ती करते. उरलेलं अन्न असेल तर फ्रीजमध्ये वेगळं ठेवावं. बरोबर कोण जेवलं, कोणाला कधी त्रास सुरू झाला, हे तासांसकट लिहून ठेवावं. आणि आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार लगेच करावी, कारण दुकानातला तो ट्रे दोन दिवसांत संपतो.

एवढं करूनही जबाबदारी कोणावर येते, ते पाहा. ग्राहक कायद्याच्या कलम ८६ नुसार माल कोणी तयार केला हे कळत नसेल, तर विकणाराच भरपाईला जबाबदार. आजाऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे, त्याला कुणीतरी समोर हवं. पण सुट्या, बिनशिक्क्याच्या अंड्यांच्या बाजारात तो कुणीतरी म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला. त्याला आपला फार्म दाखवता आला नाही, की न कळण्याची किंमत त्याच्या गल्ल्यातून जाते. आता अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ६६ वाचा. गुन्हा कंपनीने केला असेल तर तिथला प्रमुख शिक्षेतून सुटू शकतो, जर त्याने सिद्ध केलं की गुन्हा त्याच्या नकळत घडला, किंवा गुन्हा टाळण्यासाठी त्याने सर्व काळजी घेतली होती. दोहोंपैकी एक पुरे. त्यातही वेगवेगळ्या शाखांसाठी कंपनीने जबाबदार माणूस नेमून दिला असेल, तर जबाबदारी त्या नेमलेल्या माणसाची.

एकीकडे पैशांची भरपाई आहे आणि दुसरीकडे फौजदारी शिक्षा, दोन्हींची मोजमापं वेगळी, हे मला ठाऊक आहे. तरीही डिकॉस्टर बापलेक हे कलम घेऊन आपल्याकडच्या न्यायालयात उभे राहिले असते, तर सरकारनेच लिहून दिलेल्या त्यांच्या अज्ञानावर ते सुटायला पुष्कळ जागा होती. माझी सूचना लहान आहे. नकळत घडलं हे सिद्ध करणाऱ्याने काळजी घेतली होती हेही सिद्ध करावं, दोन्ही एकत्र. आणि किराणावाल्याला आपल्या मागचा फार्म दाखवता यावा म्हणून प्रत्येक ट्रेवर फार्मचा क्रमांक आणि तारीख छापणं सक्तीचं व्हावं. पहिली दुरुस्ती संसदेची आहे. दुसरीला एक रबरी शिक्का पुरतो.